कुमुदजवळून उठले तो शुक्रवार

देवीवर माझा विश्वास आहे असं मी त्या वर्षी कुणालाही सांगितलं असतं. खरं तर मी तिच्यावर पहाराच ठेवून होते. माझ्या सहा वर्षांच्या कुमुदला दमा होता. त्यातच भाषेप्रमाणे हैदराबाद राज्याचे तुकडे व्हायचे ठरले आणि ह्यांच्या कचेरीत कोण इथे हैदराबादेतच राहणार, कोण औरंगाबादला जाणार, याच्या याद्या बनू लागल्या. यादीची कुणकुण लागली की मी घाबरून घरभर येरझाऱ्या घाली, आणि नेमकी त्याच दिवशी कुमुदला धाप लागे. या दोन गोष्टी मी कधी जोडल्याच नाहीत. हिमायतनगरचे डॉक्टर औषध देताना एकदा म्हणाले, "बाई, आधी तुम्ही शांत व्हा." मला असा राग आला! पोर धापा टाकतेय आणि मी शांत होऊ? मी अकरा शुक्रवारांचा नवस बोलले आणि दिवसभर तिच्या छातीवर हात ठेवून श्वास मोजत बसू लागले. दर घटकेला विचारायचं, "बरं वाटतंय ना गं?" आता आठवलं की माझीच मला लाज वाटते.

चौथ्या शुक्रवारी नल्लकुंट्याच्या आमच्या घरी बांगड्या भरायला नेहमीची नव्हे, कुणी अनोळखी म्हातारी चुडीवाली आली. त्या दिवशी यादी लागणार होती. कुमुद मला रेलून बसली होती, छातीत बारीक शिट्टी वाजत होती. म्हातारीनं माझा हात दाबला आणि एकापाठोपाठ दोन बांगड्या फुटल्या. शुक्रवारी, तेही सवाष्णीच्या हातात! मी पार गळाठले. कुमुदनं वर माझ्याकडे पाहिलं आणि मगच तिला जोराची धाप लागली.

"हात ढीला छोडो, बाई," म्हातारी म्हणाली. मग हलक्या आवाजात, "बच्ची तुमारा मूं देखको डररी. तुम जरा अंदर जाव. मैं हूं ना."

कुमुदला औषध पाजलं आणि उठले. त्या क्षणी लेकीजवळून उठणं मला कुठल्याही उपासापेक्षा जड गेलं. स्वयंपाकघरात नुसतीच बसले. मनात देवीला म्हटलं, मला नाही जमत, आता तूच बघ. त्यापुढे काही मागितलं नाही. बाहेर म्हातारी सावकाश एकेक रंग दाखवत होती. शिट्टी ऐकू येत होती, जाऊन बघावंसं वाटत होतं, पाय ओढ घेत होते. तरी बसून राहिले. बऱ्याच वेळानं हाक आली,

"आई, मला पिवळ्या बांगड्या हव्यात, ह्या हिरव्या नकोत."

एवढं लांब वाक्य तिनं एका दमात म्हटलं होतं. मी पदर तोंडात धरून रडले.

यादीत ह्यांचं नाव औरंगाबादला निघालं, आम्ही गेलो. दमा पुढे कितीतरी वर्षं होता, औषधंही चालू होती. ती म्हातारी मला पुन्हा दिसली नाही. ती कोण होती यावर मी वाद घालत नाही. मी देवीकडे लेकीचा श्वास मागत होते. तिनं मला लेकीजवळून उठायचं बळ दिलं, आणि कुमुदला श्वास घ्यायला जागा झाली.