महालातले दीर्घ स्वर

वर्ग काढला की विद्यार्थी येवोत न येवोत, किस्से मात्र पहिल्या दिवसापासून हजर! विलायतेहून शिकून परतलो आणि नागपुरात, महालात, कचेरी सुटल्यावरचा इंग्रजीचा वर्ग काढला. आपल्या माणसाचं बोलणं ऐकून गोरा साहेब हसता कामा नये, एवढीच जिद्द.

माझी पद्धत सोपी. स्वर दीर्घ असला की मी हात वर करायचो. हात खाली येईपर्यंत सगळ्यांनी एकसुरात तो ओढायचा. ऱ्हस्वाला नुसती टिचकी. एकदा ‘शिप’ चालू असताना मी नाकावरची माशी हाकलायला हात उचलला. लकडगंजचे लाकूडव्यापारी सखाराम लगेच ओढू लागले, ‘शीऽऽप!’ मग म्हणाले, “मास्तर, जहाजच होतं ते. तुमच्या माशीनं मेंढी केली!”

*

दिवेलागणीला आमचं ‘ऊऽऽ’ सुरू झालं की गल्लीतली दारं पटापट लागत. मला वाटलं, काय ही शिस्त! शेवटी सखारामांनी सांगितलं, “साथीच्या दिवसांत मरण गल्लीत येऊन असंच लांब सुरात बोलावते. ज्यानं ‘ओ’ दिली, तो गेला. तुम्ही इंग्रजी शिकवून राहिले, अन् मोहल्ला देव आठवून राहिला!”

*

डाकवाला तर हाक सोडून कडीच वाजवू लागला. “काहून गा?” मी विचारलं.

“कोणी ओच देत नाही ना, मास्तर! काल एक म्हातारी आतून म्हणे, आमच्या घरी कोणीच नाही!”

*

मग मी वर्गात तळमळून भाषण केलं. “भिऊ नका! स्वर म्हणजे निव्वळ वारा!” टाळ्या कडाडल्या. नंतर सगळे एकमेकांचे हात धरून घरी गेले.

*

वर्गाच्या भिंतीपलीकडे दामोदरपंतांचं बिऱ्हाड. ते कचेरीत कारकून, माझे विद्यार्थी. त्यांची आईवेगळी यमू तापानं फणफणली होती. आत्याला उशाशी बसवून ते माझ्याकडे आले.

“मास्तर, आज दीर्घ नका घेऊ. पोरगी झोपेत ओठ हलवून राहिली. ओ देईल ती.”

“पंत, ताप आहे तो.”

“आहे ना. म्हणूनच म्हणतो.”

मी ऱ्हस्वच घेतले. पंत दारातच बसून राहिले. टिचक्या चालू असतानाच गल्लीतून ‘ऊऽऽ’ आला. सखारामांनी माझ्या हाताकडे पाहिलं. हात मांडीवर होता. आम्ही एकमेकांची तोंडं पाहिली. सगळी मिटलेली. स्वर थांबेना.

भिंतीपलीकडे खाट करकरली. “यमे, बोलू नको वं!” आत्या ओरडली.

दामोदरपंत उठले, गल्लीत उतरले आणि अंधाराकडे तोंड करून त्यांनी आवाज दिला, “ओऽऽ! मी आहे ना गा!”

तो ‘ऊऽऽ’ तुटला.

सकाळी यमूनं पेज मागितली. मी दामोदरपंतांच्या कपाळावर हात ठेवला. चटका बसला.