मामीच्या बाजूची भिंत

आमच्या घराण्यात एक खूळ आहे. घर पाडायचं असलं की पहिले घाव घरच्या माणसांचे पडले पाहिजेत. परक्याचा हात आधी लागला तर वास्तू रुसते म्हणे. हे कुणी सांगितलं ते विचारायचं नाही. तंजावरच्या दरबारात आमचे पूर्वज नेमकं काय करत होते हेही कुणाला धड ठाऊक नाही, पण वास्तूला काय आवडतं ते सगळ्यांना पाठ आहे. म्हणून कुंभकोणमच्या आमच्या घराचा मागचा भाग पाडायचं ठरलं तेव्हा कोत्तनारच्या, म्हणजे गवंड्याच्या, आधी नातेवाईक येऊन थडकले.

पाडायचं कारण आई. तिच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली होती, आणि आमचं न्हाणीघर परसात, उंच पायऱ्या उतरून. स्वयंपाकघर आणि कोठीची खोली पाडून तिथे तिच्यासाठी एक खोली आणि तिला लागून न्हाणीघर करायचं, असा बेत होता. तोवर ती दारासुरमला मावशीकडे राहिली. मावशीच्या घराला लागून मागांची घरं, दिवसभर खटखट. रोज फोन करून विचारायची, "खोली कुठवर आली गं? माझं घर मला बेगी द्या." बेगी म्हणजे लवकर. पुण्याचे पाहुणे आमचं असलं मराठी ऐकून गालातल्या गालात हसतात. हसू देत.

कारण आमच्यासाठी ती नुसती भाषा नाही, पडदा आहे. उंबऱ्याबाहेर तमिळ, आत मराठी, आणि बाहेर कुणाला नावं ठेवायची असली तरी मराठीच. भाजीवाल्याच्या तोंडावर त्याच्या वांग्यांचे वाभाडे काढायचे आणि मग त्याच्याकडे वळून तमिळमध्ये गोड हसून भाव करायचा, हे मी परकर नेसायच्या वयात शिकले. माझ्या आईचा यात हात धरणारा कुणी नव्हता.

आणि तिचा सगळ्यात आवडता विषय होता शेजारची मामी. आमच्या गल्लीत घरांना घरं चिकटलेली, दोन घरांत मिळून एकच भिंत. मामी तमिळ; नात्यातली नव्हे, इकडे शेजारणीलाही मामीच म्हणतात. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा परदेशात, घरात ती एकटी. आमच्या स्वयंपाकघरात मामीचा कंजूसपणा, मामीच्या साड्या, मामीचा मुलगा तिला का नेत नाही, हे सगळं फोडणीसारखं रोज लागायचं. समोर भेटली की तमिळमध्ये "वांगो मामी", म्हणजे या, बसा. मला यात कधी वावगं वाटलं नाही. सगळ्यांच्याच घरी असं बोलतात, असं मी धरून चालले होते.

तर काका आले. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, हातात पहार धरल्यावर आपण तरुण झालो असं वाटणारे. तिरुनागेश्वरमहून आत्या आली, बरोबर सगळ्यांना पुरतील एवढ्या इडल्या. दोन चुलतभाऊ आले. आधी देव हलवले, भांडी पुढच्या खोलीत नेली, मग काकांनी "अस्की बाजूला व्हा" म्हणून फर्मान सोडलं आणि घाव घालायला सुरुवात केली. अस्की म्हणजे सगळे. सगळे बाजूला झाले. मी म्हणत होते की कोत्तनार येऊन कुठली भिंत पाडायची ते दाखवू दे. काका म्हणाले, "मी या घरात जन्मलो. मला भिंती दाखवतोस?" रागात ते मला मुलगा समजून बोलतात.

जन्मलेल्या माणसाने नेमकी मामीची भिंत पाडली. वरचा भाग पलीकडे तिच्या स्वयंपाकघरात कोसळला, फळीवरच्या लोणच्याच्या बरण्या फुटल्या, आणि धूळ खाली बसली तेव्हा भगदाडापलीकडे मामी उभी होती, हातात झारा. मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. काकांनी तमिळमध्ये दहा वेळा माफी मागितली. मामीने फुटकी खापरं सुपात भरली. आम्ही भगदाडावर आईची एक जुनी साडी बांधली आणि थोड्या वेळाने त्याच साडीखालून मामीने कॉफीचे पेले पुढे केले, सगळ्यांसाठी.

आत्याने एक घोट घेतला आणि मराठीत म्हणाली, "साखर टाकतानासुद्धा हिचा हात आखडतो बघ." सगळे हसले. मीही हसले.

दुपारी पुन्हा कॉफी आली. मामीने या वेळी आत्याचा पेला स्वतः तिच्या हातात दिला. आत्या खूश झाली, म्हणाली, "सुधारली गं." मला शंका आली म्हणून मी तिच्या पेल्यातली चाखून पाहिली. पाकच होता तो. माझी तशीच होती, सकाळसारखी.

म्हणजे तिला मराठी कळत होतं. मी साडीकडे पाहिलं. पलीकडे मामी भांडी घासत होती.

आता यांना गप्प कसं करायचं? मराठीत सांगावं तर तिला कळणार, तमिळ तर तिचीच भाषा, आणि इंग्रजी आत्याला येत नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की आपल्याकडे एक तरी भाषा जास्त हवी होती. मी डोळे वटारले, आत्याच्या पायावर पाय दिला. ती म्हणाली, "काय गं, डोळ्यात धूळ गेली?" आणि रंगात येऊन साडीकडे बोट दाखवत चुलतभावांना सांगू लागली, "हिचा नवरा गेला त्या दिवशी तुमची काकू काय म्हणाली होती ठाऊक आहे? म्हणाली, सुटला बिचारा. पांढऱ्या पायाची बाई ती."

पलीकडचा भांड्यांचा आवाज थांबला. पुन्हा सुरू झाला नाही. मला तिथून उठून गल्लीत पळत सुटावंसं वाटलं. ते वाक्य आईने म्हटलं तेव्हा मी तिथेच होते, वांगी चिरत होते. आणि त्या दिवशी मामी भिंतीच्या पलीकडे होती, हातभर अंतरावर. तिला तेव्हा कळत होतं का, हे मला विचारवेना आणि त्याशिवाय दुसरं काही सुचेना.

दुसऱ्या दिवशी कोत्तनार आला आणि त्याने डोक्याला हात लावला. म्हणाला, भिंत दोघांची आहे, शेजारणीने हो म्हटल्याशिवाय मी एक वीट लावणार नाही. काम थांबलं. दारासुरमहून आईचा फोन आला, खोली कुठवर आली? मी म्हटलं, येतेय. काकांचं म्हणणं, चांगली जाड, दुहेरी भिंत घालून टाकू, तिचा खोकलासुद्धा इकडे यायला नको. ते नवा शर्ट घालून तिला विचारायला गेले आणि लगेच परत आले. "मुलीला पाठवा म्हणते," ते म्हणाले.

मी गेले. मामीने बसायला पाट दिला. ती स्वतः भिंतीला लागून असलेल्या लाकडी पलंगावर बसली. साडी बाजूला सरली होती, भगदाडातून आमचं उघडं स्वयंपाकघर दिसत होतं, काजळी धरलेलं, आणि ते इतकं जवळ होतं की आत्याची कुजबुजही ऐकू येत होती.

"भिंत बांधा," ती मराठीत म्हणाली. "अक्काला खोली होऊ दे. तिथे मावशीकडे तिला नीज येत नसेल."

तिचं मराठी आईचं होतं. शब्द आईचे, हेल आईचा, "नीज" म्हणतानाचा तो झटका आईचा. मान खाली घालून मी म्हटलं, "मामी, आम्ही जे काय बोललो..."

"सगळं कळायचं नाही आधी. मग कळायला लागलं." ती पलंगावर हात फिरवत होती. "हे गेल्यावर घरात आवाज नव्हता. रात्री तुमच्याकडे अक्का बोलायची, तू अभ्यास करताना भांडायचीस. मी ऐकत पडायची. अक्का माझ्यावर चिडायची तेव्हा जास्त चांगलं कळायचं, कारण ती सावकाश आणि पुन्हा पुन्हा बोलायची."

तिने हसून माझ्याकडे पाहिलं. मला रडता आलं असतं तर बरं झालं असतं.

"एकच सांगते," ती म्हणाली. "जाड भिंत घालू नका. काका म्हणतात तशी दुहेरी नको. मग मला काही ऐकू येणार नाही."

कोत्तनार म्हणाला, कोपऱ्यांत खांब घेतो, मधली भिंत अर्ध्या विटेची, पातळ चालेल. काका चिडले, का म्हणून विचारू लागले. मी त्यांना आणि आत्याला परसात नेऊन खरं ते सांगितलं. काका उठून बरण्या आणायला बाजारात गेले. आत्या इडल्यांचा रिकामा डबा घेऊन संध्याकाळच्या बसने निघून गेली. जाताना मामीच्या दारापाशी थबकली, पण आत गेली नाही.

आईला सगळं मी दारासुरमला जाऊनच सांगितलं. ती ऐकत राहिली. "सुटला बिचारा, हेही?" तिने विचारलं. मी मान हलवली. पुढे खोलीबद्दल तिने विचारणं बंद केलं. खोली झाली, तिला घेऊन आलो, पलंग कुठे ठेवायचा विचारलं तर तिने बोटाने भिंतीकडची जागा दाखवली. मग ती त्या खोलीत कुजबुजायला लागली. पाणी हवं असलं तरी कानाशी येऊन सांगावं तसं सांगायची. मीही हळू बोलायला लागले. आयुष्यभर खणखणीत आवाजात वाढलेलं घर एकदम आजाऱ्यासारखं झालं.

एका सकाळी रांगोळी काढताना मामीने मला हाक मारली. "काही ऐकू येत नाही गं हल्ली," ती म्हणाली. "अक्का बरी आहे ना?"

मी आत येऊन आईला सांगितलं. आई भिंतीकडे तोंड करून बसली. बोलायचं म्हणून तिने तोंड उघडलं आणि मिटलं. मीही विचार करत होते. मामीला ऐकवता येईल असं काहीतरी आम्ही दोघी शोधत होतो, आणि सापडत नव्हतं.

शेवटी आईने मान वर केली आणि जुन्या आवाजात, अगदी खणखणीत, मला विचारलं, "आज आमटी कशाची?"

"तुरीची," मी ओरडून सांगितलं.