टॉन्सिल मापायच्या आधी

सोनोग्राफीच्या खोलीत किस्से लई साठतात. खोलीत अंधार, पेशंट आडवा, आणि आडव्या माणसाला जरा जास्तच बोलायला सुचतं. बीडमध्ये मी पंधरा वर्षं हे मशीन चालवतेय. पोटातले किस्से सांगून झाले, हे गळ्यातले आहेत.

सुरुवात केली शेजारच्या बिल्डिंगमधल्या काझी डॉक्टरांनी. ते कान-नाक-घसावाले. कुठल्याशा कॉन्फरन्सहून आले आणि म्हणाले, ऑपरेशनच्या आधी टॉन्सिल सोनोग्राफीवर मापून देत जा. मी म्हटलं, त्यात मापायचं काय, तोंड उघडलं की दिसतंच.

"तोंडातून दिसतो तो वरचा भाग. पाला बघून मुळा केवढा ते सांगता येतं का, मॅडम?"

आता गोष्ट मुळ्यापर्यंत गेल्यावर नाही कसं म्हणणार!

*

प्रॅक्टिस कुणावर करायची? घरचंच माणूस, माझी मदतनीस सुमन. तिला आडवी केली, जबड्याखाली जेल लावलं आणि वीस मिनिटं प्रोब फिरवला. शेवटी सापडलं एकदाचं. उजवं एवढं, डावं तेवढं, असं बाईंसारखं समजावून सांगितलं. फोटो काढला. काझींना व्हॉट्सअ‍ॅपसुद्धा केला.

सुमन गळ्यावरचं जेल पुसत शांतपणे म्हणाली, "मॅडम, माझे तर चौथीतच काढलेत."

मी मापली होती ती लाळेची ग्रंथी. तो फोटो काझींनी अजून डिलीट केलेला नाही.

*

सुमनचंही एक आहे. फोनवर तिला एकच वाक्य पाठ : पाणी भरपूर पिऊन या, लघवी रोखून धरा. पोटाची असो, गळ्याची असो, सोनोग्राफी म्हणजे सोनोग्राफी.

नेकनूरहून नवरा-बायको आले. बायकोचा घसा सारखा धरायचा. एसटीत दोघांनी मिळून चार बाटल्या संपवलेल्या. ती बिचारी घामाघूम. मी म्हटलं, अगं गळ्याला काही धरावं लागत नाही, जा आधी. ती पळाली. नवरा तिथंच, दाराची चौकट घट्ट धरून.

"मंग म्या कावून धरून बसलोय?"

*

आमच्या भिंतीवर तो बोर्ड आहे, सगळ्याच सोनोग्राफीवाल्यांकडे असतो : इथं गर्भाचं लिंग सांगितलं जात नाही, सांगणं गुन्हा आहे. दिंद्रुडचे एक आजोबा नातवाला घेऊन आले होते. त्यांनी तो बोर्ड दोनदा वाचला. माझं मापून झालं तसे खुर्ची पुढं ओढून अगदी हळू आवाजात म्हणाले, "टॉन्सिलचं तरी बोलून सांगता येतं का, का त्ये बी खुणेनंच?"

*

मी घोरते, असं माझ्या नवऱ्याचं म्हणणं. माझं म्हणणं, त्यांचा भ्रम आहे. एकदा काझी जेवायला आले असताना ह्यांनी मोबाइलवरचं रेकॉर्डिंगच लावलं. दुसऱ्या दिवशी काझींनी मला माझ्याच टेबलावर झोपवलं आणि स्वतः प्रोब धरून मापं घेतली. मग नवऱ्याला फोन केला.

"टॉन्सिल नॉर्मल आहेत. आवाज मूळचाच आहे."

*

आणि गयाबाई.

गयाबाई चौसाळ्याजवळच्या एका वस्तीवरच्या. तीस वर्षं ऊस तोडला. आता कंबर चालत नाही म्हणून सीझनमध्ये नातीला सांभाळत घरी राहतात. नात आरती, सहा वर्षांची. ती झोपेत घोरायची, मधेच तिचा श्वास थांबायचा, आणि मग दचकून सुरू व्हायचा. गयाबाई तिच्या छातीवर हात ठेवून पडायच्या.

आठ दिवसांनी मुलगा आणि सून टोळीबरोबर कारखान्यावर निघणार होते, ते सहा महिन्यांनी परतणार. मुलाचं म्हणणं, गावातल्या डॉक्टरनं बॅटरी लावून बघितलंय, टॉन्सिल बारीकच आहेत, आल्यावर बघू. काझींनाही तोंडातून बारीकच दिसले, म्हणून त्यांनी माझ्याकडं पाठवलं. आत मोठे निघाले तर याच आठवड्यात ऑपरेशन. नाहीतर सहा महिने गयाबाई आणि तो छातीवरचा हात.

मी प्रोब उचलला, तर गयाबाईंनी माझं मनगट धरलं.

"थांब बाई. काटा खरा हाय का तुजा?"

मुलगा लाजला. म्हणाला, "आये, डाक्टर हायेत त्या."

"कारखान्याच्या काट्यावरचा बी शिकल्यालाच व्हता, तरी उसाच्या वजनात मारायचा."

आणि त्यांनी डावा तळहात माझ्यापुढं धरला. अंगठ्याच्या बुडाशी जुना व्रण. ऊस तोडताना कोयत्याचं टोक मोडून आत राहिलेलं.

"आदी हे माप. किती हाय, मला ठावं हाय. तू आदी बोल, मंग मी सांगते."

एम.डी.च्या प्रॅक्टिकललाही एवढा कडक परीक्षक नव्हता. त्यात कोपऱ्यात सुमन उभी, स्वतःच्या गळ्यावर हात ठेवून! तुकडा दिसला. मापला, पुन्हा मापला. नऊ मिलिमीटर. पट्टी घेऊन कागदावर तेवढी रेघ मारली आणि पुढं केली.

गयाबाईंनी करंगळीचं नख त्या रेघेवर टेकवलं. टोक मोडलं त्या दिवशी त्यांनी त्याच मापाचा दुसरा कोयता शेजारी ठेवून बघितला होता. बरोबर नखाएवढं कमी भरलं होतं.

"काटा खरा हाय," त्या मुलाला म्हणाल्या. "आता ही सांगंल ते तुला ऐकावं लागंल."

मग आरतीला मापलं. वरून बारीक दिसणारे टॉन्सिल आत चांगलेच खोल गेलेले होते. मी आकडे सांगितले. मुलगा उठला. दाराबाहेर जाऊन मुकादमाला फोन लावला आणि म्हणाला, पोरीचं ऑपरेशन उरकल्याबिगर निघत नाही.

तिसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. काझी काढलेल्या टॉन्सिलची बाटली आणि पट्टी घेऊन माझ्या खोलीत आले. "मुळाच निघाला, मॅडम."

टोळी निघायच्या आदल्या दिवशी आरतीला दाखवायला आणलं. पोरगी तोंड मिटून झोपते, म्हणाल्या गयाबाई. काझी एवढे खूश झाले की म्हणाले, आजी, तुमच्या हातातला तो तुकडा पण काढून देतो, पाच मिनिटांचं काम आहे.

गयाबाईंनी मूठ मिटली.

"ऱ्हाऊ द्या. पुढच्या काट्याला लागंल."