ठमाबाईनं लिंपलेली भिंत

मुखरू गवंड्यानं सब्बल मारली, मातीचं ढेकूळ सुटलं आणि भिंतीतून एक गाडगं डोकावलं. सात वर्षं हे घर दुरुस्त करत आलेल्या रामाजीला आधी हसूच आलं. "मायनं गूळ लपवून ठेवला असंल," तो म्हणाला. गाडग्याचं तोंड लुगड्याच्या धडप्यानं बांधलं होतं. त्यानं गाठ ओढली, धडपा हातातच फाटला आणि ओंजळीत पडले तीन पितळी टाक अन् एक शेंदूर फासलेला गोटा. घरदेव! रामाजीनं एकेक टाक उलटून पाहिला.

आता तुम्ही म्हणाल, जुन्या घरात देव निघाले तर एवढं काय आभाळ कोसळलं? कोसळलं हो! याच देवांची गोष्ट सांगत तर हा माणूस सदुसष्ट वर्षांचा झाला होता. छप्पनच्या सोळा ऑक्टोबरला त्याचा बाप वारलू चांद्याला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आला. नागभीडजवळच्या या गावात पाय ठेवल्या ठेवल्या बायकोला म्हणाला, "देव भर टोपलीत." तिनं भरले, वर फडकं बांधलं, आणि वारलूनं सगळ्या गावादेखत ती टोपली तळ्यात फेकली. रामाजी तेव्हा मायच्या पोटात होता. विजेच्या खात्यात लाईनमन झाला तरी खांबाखाली बसून ही गोष्ट सांगे, आणि दर सोळा ऑक्टोबरला विहारात तर सांगायचाच. एका दुष्काळात तळं आटलं, पोट्टे चिखलात देव शोधत होते, एकही सापडला नाही. "मुरले गाळात!" बाप छाती फुगवून म्हणाला होता.

निवृत्त झाल्यावर मुलगा राजदीप म्हणाला, पाडून टाकू, स्लॅब घालू. रामाजी भडकला. "माह्या बापानं जिथून टोपली उचलली, ते घर पाडतं काय बे?" आणि लागला कामाला. उधईनं खाल्लेले खांब काढून ऐनाचे बसवले, त्यात एक वर्ष गेलं. छपराच्या कवेलूंत, म्हणजे कौलांत, तर दोन गेली. आता कवेलू करतो कोण? मग आजूबाजूला कुणी जुनं घर पाडलं की हा बैलबंडी घेऊन हजर. बायको वच्छला म्हणायची, "लोकं मयतीले जातेत, आमचे हे घर पाडाले जातेत." वर वांदरं नाचली की अर्धे कवेलू फुटायचे आणि पुन्हा पहिल्यापासून.

राहिली ती एकच भिंत, जिथं पूर्वी देव्हारा होता. ओल धरलेली, मधोमध फुगलेली. पण माय, ठमाबाई, कुणाला हात लावू देईना. दर दिवाळीला स्वतः लिंपायची, स्वतः पोतारायची, कंबर वाकली तरी. "मी हावो तवरी राहू दे," एवढंच म्हणायची. म्हातारीचा हट्ट म्हणून रामाजी सोडून द्यायचा. यंदा चैतात ती गेली. आणि सोळा ऑक्टोबरची वंदना यंदा याच घरात ठरली होती, गावभर सांगून झालं होतं. चार दिवस उरले म्हणून मुखरूला बोलावलं, तर हे निघालं.

"भाऊ, मी काई पाह्यलंच नाई," मुखरू म्हणाला आणि सब्बल घेऊन सटकला.

वच्छला दारातून बघत होती, तिला सासराच आठवला. "मामाजी जलमभर खोटं बोलले काय जी?"

"चूप!" रामाजी ओरडला. बाप खोटा? मग आपण काय सांगत फिरलो एवढी वर्षं?

त्या काळातलं शेजारात एकच माणूस उरलं होतं, गिरजाबाई. रामाजीनं टाक तिच्यापुढं धरले. म्हातारीनं तोंडावर हात ठेवला. "अगा माय! अजून आहेत?"

"तुले मालूम होतं?"

"माती मीच कालवून देल्ली ना. बारा वर्षांची होती मी. तुह्या बापाले काई मालूम नाई, बापा. तो म्हणे टोपली भर, ठमाबाईनं देवाच्या बदली गोटे भरले. तुह्या आधी दोन लेकरं गेली होती तिची. तू पोटात. भेव वाटलं तिले. म्हणे, पुजणार तं नाईच, पण हे लेकरू जगू दे, मंग फेकीन."

"मंग जगलो ना मी! काऊन नाई फेकले?"

"भिंत फोडल्याबिगर कसे काढन? आन तवरी तुह्या बापाची गोष्ट गावभर झाली होती. पुढं तू बी तेच सांगत फिरे. तुम्हा दोघाच्या तोंडाकडं पाहून ती लिंपत राह्यली."

दर वर्षी रामाजी विहारात ही गोष्ट रंगवून सांगायचा, तेव्हा माय पहिल्या रांगेत मान खाली घालून बसलेली असे. त्याला वाटे, अभिमानानं तिचे डोळे भरून आलेत. अरे, काय केलं आपण हे?

वच्छलानं उपाय काढला. गुपचूप फेका, भिंत बुजवा, गोष्ट नेहमीची सांगा, कोणाले काय समजते? रामाजी चार दिवस तिच्याशी बोलला नाही. मुखरूलाही भिंत बुजवू दिली नाही.

सोळा तारखेला अख्खं गाव त्या भगदाडासमोर बसलं. वंदना झाली. रामाजी उठला, घसा खाकरला.

"माह्या बापानं टोपली फेकली," तो म्हणाला. "त्यात गोटे होते."

कुणीतरी मागून ओरडलं, "रामाजी, काय बोलून राह्यला?"

"खरं बोलून राह्यलो. बापाले मालूम नव्हतं. देव मायनं या भिंतीत ठेवले, मी जगलो पाह्यजे म्हणून. तिनं एक दिवस त्यायची पूजा केली नाई. आन माह्या गोष्टीपायी तिले ते काढताही आले नाई." तो लेकरासारखा रडला.

मग त्यानं ते देव एका टोपलीत ठेवले आणि सगळे तळ्यावर गेले. टोपली रामाजीनं गिरजाबाईच्या हातात दिली. यावेळी वर फडकं नव्हतं. म्हातारीनं आधी आत वाकून पाहिलं, तीन टाक आणि गोटा बोटानं मोजले, शेजारच्या वच्छलालाही मोजायला लावले, आणि मग टोपली पाण्यात टाकली.