विहिरीची पाळी आणि वहिनीचा प्रोग्रॅम

सुपा मागे टाकून नगरकडे निघालो होतो, तेवढ्यात दादाचा फोन आला. ‘‘आता गाडी सावकाश चालव,’’ एवढंच म्हणाला... मी समजलो. दवाखान्यात असलेली सुनंदावहिनी गेली होती. महिना उलटून गेला, तरी तिच्याबद्दल लिहायला बसलं की आधी तिचे प्रश्नच आठवतात.

देवळाली प्रवऱ्याच्या आमच्या घरात वहिनी आली ती गणिताची पदवी घेऊन. मग ऊस, गोठा आणि मुलं यांत ती पदवी कुठल्या कुठे गेली. मी पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीत. घरून काम करायची मुभा मिळाली तसा लॅपटॉप घेऊन गावी आलो आणि ओसरीवर ठाण मांडलं. वहिनी चहाचा कप ठेवायची आणि तिथून हलायचीच नाही. स्क्रीनवरच्या प्रोग्रॅमकडे बोट दाखवून विचारायची, ही ओळ कशाला? खोडली तर काय होईल? मग बघू या ना खोडून! शेवटी सुटका व्हावी म्हणून माझा जुना लॅपटॉप तिच्या हवाली केला. सुटका कसली, खरा पिच्छा तिथूनच सुरू झाला.

आमची विहीर तीन चुलत घरांत सामाईक. पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या आणि पाळीवरून कुरबुरीही ठरलेल्या. वहिनीनं पहिला मोठा प्रोग्रॅम त्यावरच लिहिला. पाळी बदलली की त्या घराच्या मोबाईलवर मेसेज जायचा. काही दिवस सगळे तो मेसेज गावभर दाखवत फिरले. मग एकदा ऐन पाळीत वीज गेली ती दुपार कलल्यावर आली, आणि तोवर प्रोग्रॅमनं पाळी पुढच्या घराला देऊनही टाकली होती. मोटर चालू करायला दोन्ही घरं विहिरीवर हजर! आमच्यात वीज गेली की पाळी थांबते आणि आली की तिथूनच पुढे धरतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. वहिनीलाही होतंच. आमचे चुलते, नाना, अंगणात येऊन म्हणाले, ‘‘सूनबाई, लाईट गेलेली तुझ्या मशीनला कळत न्हाई व्हय?’’ सगळे हसले. मला वाटलं, आता ही लॅपटॉप परत करणार. पण तिचे डोळे चमकत होते.

‘‘भाऊजी, आपण जे कुणालाच सांगत नाही ना, तेच याला आधी सांगावं लागतं...’’

मग वीज गेली की पाळीवाल्यानं तसा मेसेज टाकायचा, आली की पुन्हा टाकायचा, अशी सोय तिनं केली. विहिरीवरची भांडणं काही मिटली नाहीत, ती वेगळ्या विषयावर गेली.

पुढे तिनं नोकरीसाठी अर्ज केले. भाच्याच्या वयाची मुलं मुलाखत घ्यायची आणि मधली वर्षं काय केलंत म्हणून विचारायची. नकार पचवत गेली. पुण्यातल्या एका छोट्या कंपनीनं मात्र विहिरीची ती चूक तिला सविस्तर सांगायला लावली आणि घरून करायचं काम दिलं. मला अभिमान वाटला, थोडा हेवाही वाटला.

पण नोकरीहूनही तिला एक गोष्ट हवी होती. आमच्या आईनं याला काम म्हणावं. मी लॅपटॉपसमोर बसलो की आई म्हणायची, ‘‘त्याचं काम चालू हाय, गलका करू नगा.’’ वहिनी माजघरात खिडकीपाशी बसली की आई पाहुण्यांना सांगायची, ‘‘ती व्हय, बसलीय बटनं दाबत.’’ मीटिंग चालू असताना दळणासाठी हाका मारायची. मी आईशी वाद घालायला निघालो की वहिनीच अडवायची. म्हणायची, सांगून पटायचं असतं तर कधीच पटलं असतं, त्यांचं त्यांना कळू दे. आजार बळावल्यावरही बरं वाटेल त्या दिवशी ती कामाला बसे. शेवटच्या भेटीत, दवाखान्यात, तिनं एवढंच विचारलं, ‘‘आई काही म्हणाल्या का हो... माझ्या कामाचं?’’ मी थट्टेवारी नेलं. दुसरं काय करणार होतो?

मागच्या आठवड्यात नात्यातल्या एक काकू भेटायला आल्या. माजघरात गर्दी होती म्हणून त्या खिडकीपाशी मांडलेल्या खुर्चीकडे वळल्या. आई कोपऱ्यात बसली होती. गुडघ्यावर हात टेकून उठली आणि तिनं स्वतःचं बसकर काकूंपुढे सरकवलं.

‘‘तिथं नगं बसू. आमच्या सुनंदाची कामाची जागा हाय ती.’’

मी उंबऱ्यातच थांबलो. हे ऐकायला वहिनी हवी होती.