पुसलेला उंबरा

मशीनच्या तेलात झेंडूचा वास मिसळला की डिंडोलीतल्या आमच्या एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यातला तो दसरा आठवतो. माल बघायला जर्मनीहून आलेल्या म्हाताऱ्या बाई उंबऱ्यावरचं कुंकवाचं स्वस्तिक पाहून थबकल्या आणि दोन पावलं मागे सरल्या. सोबतच्या दुभाष्याने सांगितलं, यांच्या आजोळची माणसं ज्यू म्हणून मारली गेली. मारणाऱ्यांच्या बाहीवर हेच चिन्ह होतं, आणि स्वतःला ते आर्य म्हणवत, तो शब्दही इकडूनच नेलेला. स्वस्तिक माझ्या मावशीने काढलं होतं. "आमनं नाव लिसन असं करं?" (आमचं नाव घेऊन असं केलं?) म्हणत ती खाली बसली आणि ऐन सणाला, नव्या साडीच्या पदराने, तिने उंबरा पुसून काढला. मग बाई आत आल्या. अजूनही दसऱ्याला मशीनवर मी स्वस्तिक काढते; उंबऱ्यावर मात्र नुसती हळदीकुंकवाची बोटं ओढते. कोण येईल, सांगता येत नाही.