तिसरी थप्पड

आमच्या मंडळाच्या नाटकातला राजा अकराव्या वर्षी गादीवर बसला आणि विसाव्या वर्षी संपला. बापाला शिकारीत गोळी लागली की कुणी घातली, हे शेवटपर्यंत कळत नाही. कंपनीने आधी त्याचे गोलंदाज काढून घेतले, मग किल्ल्याच्या किल्ल्या मागितल्या. त्याने नकार दिला, तेव्हा त्याच्या दोन जासुदांना तोफेच्या तोंडी दिलं. किल्ला नऊ दिवस लढला. शेवटी कंपनीचा रेसिडेंट भर दरबारात राजाच्या तोंडात मारतो, पगडी पडते, राजा गुडघे टेकतो. त्याला कैद करून नेतात, तेव्हा त्याचे सरदार घरांची दारं लावून घेतात.

नव्वदच्या दशकात सिंगापुरात हे नाटक बसवताना व्यवस्था माझ्याकडे होती. लाकडी तलवारी सहा, पगड्या तीन, रक्तासाठी हॉकर सेंटरमधल्या, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांवरच्या, गुलाबाचं सरबत, पाणी न घालता, प्लास्टिकच्या पिशवीत. पात्रंही मीच ठरवली. राजा म्हणजे तुआसच्या एका जहाजबांधणीच्या यार्डातला ज्युनिअर इंजिनिअर, वय चोवीस, आवाज खणखणीत. रेसिडेंट म्हणजे त्याच यार्डातला त्याचा साहेब. मराठीच, पण गोरा, उंच, इंग्रजी झोकात, शिवाय सामान न्यायला लॉरी देणार होता. माझा नवराही त्याच साहेबाच्या हाताखाली होता. एका माणसात दोन कामं होत होती, म्हणून मी लगेच नाव लिहून टाकलं.

बुकित बातोकला आमच्या ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत पहिली तालीम झाली, आणि थप्पड खरी बसली.

"साहेब, हात गालाजवळून न्यायचा, लावायचा नाही," मी म्हटलं.

"अहो वहिनी, लोकांना आवाज ऐकू यायला नको? काय राजे, लागलं का?"

राजे हसले. यार्डातही साहेब त्याला सगळ्यांसमोर तशीच हाक मारायचा : "राजे, सिंहासनावरून उतरा, टाकीत उतरा!"

पुढच्या तालमीला दोन बसल्या. त्याच्या ओठातून रक्त आलं. बर्फ देताना मी म्हटलं, "मी रेसिडेंट बदलते."

"नको, वहिनी. माझा इथे काम करायचा पास त्यांच्या सहीवर आहे. एका रविवारचा तर प्रश्न आहे."

मी बदलला नाही. मात्र प्रत्येक तालमीनंतर वहीत थपडांचा आकडा लिहीत गेले. एक, दोन, दोन, तीन, दोन. संहितेत एकच होती.

प्रयोग दुपारी होता. पहिल्या थपडेला पगडी उडाली. दुसरीला राजा भेलकांडला. गुडघे टेकायची वेळ झाली होती. तो टेकणारच होता, एक गुडघा वाकलाही होता. तेवढ्यात साहेबाने केस धरून त्याचं तोंड वर केलं आणि तिसरी मारली.

राजाने तलवारीची मूठ साहेबाच्या नाकावर घातली. हाड मोडल्याचा आवाज मी विंगेत ऐकला. साहेब खाली पडला तरी तो मारतच राहिला, तोंडावर, बरगड्यांवर, तलवार मोडेपर्यंत. लोक टाळ्या वाजवत होते. पहिल्या रांगेतून माझी मुलगी इथल्या इंग्रजीत ओरडली, "आई, किंग विन लाह!" साहेबाच्या पांढऱ्या कोटावर लाल डाग पसरत होता, आणि सरबताची पिशवी अजून माझ्या हातात होती.

मी पडदा पाडायला लावला.

मंगळवारी मंडळाची बैठक झाली. साहेब नाकावर पट्टी लावून बसला होता. पोलिसांत जाणार नाही, पण राजाचा पास रद्द होणार, असं त्याने सांगितलं. राजा दाराजवळ उभा होता, उजव्या हाताची दोन बोटं बांधलेली.

"मीच त्याला चिथावलं असं तो म्हणतो," साहेब म्हणाला. "तालमीत कुणी काही पाहिलं होतं का? सांगा."

बारा माणसं होती. राजाने कुणाकडेच पाहिलं नाही, फक्त माझ्याकडे पाहिलं. वही मांडीवर होती, पान उघडलेलं. नवरा शेजारी बसला होता. त्याचा पाय माझ्या पायाला लागला आणि तसाच राहिला.

मी वही मिटली.

शनिवारी तो गेला. चांगी विमानतळावर सोडायला कोण कोण गेलं होतं, ते मला माहीत नाही. मी गेले नव्हते.